हात कशाला हवाय

४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्याशी फोनवर बोलायचं मी आता सोडून दिलंय. परवा मी चार वेळा "कोपर" म्हणाले, तुम्ही चारही वेळा "कापूर?" असं विचारलंत. शेवटी शेजारच्या बाईंनी त्यांच्या दारातून ओरडून सांगितलं, "कोपर हो, कोपर!" त्यांना ऐकू गेलं, तुम्हाला नाही. तुमचं कानातलं यंत्र दुरुस्त होईपर्यंत पत्रच बरं. कागदावर ओरडावं लागत नाही.

तर क्रमाने लिहिते. हे शिडीवरून पडले त्याला मागच्या आठवड्यात वर्ष झालं. पाच आठवड्यांची बेशुद्धी, मग डोळे उघडणं, मग एकेक शब्द बोलणं, हे तुम्ही होतात तेव्हाच झालं. डावी बाजू अशक्त राहिली, पण उजवा हात शाबूत आहे म्हणून आपण दोघी किती खूश होतो! आता तोच आडवा आलाय. तुम्ही इथे होतात तेव्हाच कोपर आखडायला लागलं होतं. तुम्ही गेल्यावर ते सुजलं, गरम लागायला लागलं आणि हळूहळू काटकोनात अडकून बसलं. आता वाकत नाही आणि सरळही होत नाही. हात कायम पुढे धरलेला, जणू कोणी त्यात ट्रे ठेवणार आहे. तोंडापर्यंत पोचत नाही आणि टेबलापर्यंतही नाही.

आता हाडांच्या नव्या डॉक्टरीणबाई आहेत. वयाने लहान, बोलायला कंजूष. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. सांध्याभोवती, स्नायूंच्या आत, जिथे हाड असायचं काही कारण नाही तिथे हाड झालंय. डोक्याला जबर मार बसला की काही जणांना असं होतं म्हणे. मूळचं हाड ठणठणीत आहे, हे उपरं येऊन बसलंय. ऑपरेशन करून काढता येतं, पण आत्ता नाही. हाड अजून कच्चं आहे, पिकल्याशिवाय हात लावणार नाही, असं म्हणाल्या. तीन-चार महिने थांबायचं.

बाकी नेहमीचं. सकाळी भागीदार येऊन ह्यांना दुकानात नेऊन बसवतो. काच कापता येत नाही, पण गिऱ्हाइकाशी बोलायला बसतात. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून दोनला सुटते आणि त्यांना घेऊन घरी येते.

तुमची
वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र अर्धं वाचलं आणि उठून पाणी प्याले. पिकल्याशिवाय हात लावणार नाही? अगं, पिकू कसं देतात? माझ्या टाचेत नुसता काटा पिकला होता तेव्हा महिनाभर चप्पल घालता आली नव्हती. इथे तर हाड! हाडात पू धरला तर पुढे काय करणार आहेत त्या बाई? वयाने लहान म्हणतेस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ताबडतोब दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

माझं ठीक चाललंय. औषधाच्या खोक्यात घडी घालून कागद ठेवतात ना, जो कोणीच वाचत नाही, त्याची मुद्रितं तपासायचं काम छापखान्याने सध्या माझ्यावर टाकलंय. तो कागद अख्ख्या जगात मी एकटीच वाचते. मळमळ, चक्कर, क्वचित प्रसंगी मृत्यू. असलं दिवसभर वाचल्यावर तुझं पत्र वाचायला घेतलं होतं.

एक विचारायचं आहे. मी तिथे होते तेव्हा सकाळ-संध्याकाळ दादाचं कोपर चोळून ओढत होते. तो ओरडायचा, मी म्हणायचे, ओरड, पण हात मोकळा कर. त्याबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या का?

तुझी
नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

पू कसला! आंबा पिकतो तसं पिकणं. हे नवं हाड आधी भुसभुशीत असतं आणि वाढत असतं. अर्धवट असताना काढलं तर पुन्हा उगवतं, म्हणून त्याची वाढ पूर्ण होऊ द्यायची. एक्स-रेत कडा स्वच्छ दिसल्या आणि रक्ताची तपासणी जागेवर आली की झालं. त्या बाई बिचाऱ्या "पक्व" म्हणाल्या होत्या, मी आपलं सोपं करून लिहायला गेले. ह्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं तर इतके हसले, इतके हसले, की उचकी लागली. अपघातानंतर असे पहिल्यांदाच हसले. तेव्हा तुमच्या टाचेचे आभार.

शाळेत वार्षिक मोजदाद चालू आहे. बत्तीस परीक्षानळ्या कमी भरल्या.

तुमची
वहिनी


२२ जून

वन्सं,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलंय. कधी होईल सांगता येत नाही. झालं नाही तरी काही बिघडत नाही असंही वाटायला लागलंय. सवय झालीय. मी घास भरवते, हे खातात. लोकांकडे ह्याहून वाईट असतं.

इकडे सगळं ठीक.

वहिनी


३० जून

वहिनी,

"ऑपरेशन पुढे ढकललं गेलंय." कुणी ढकललं?

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं तपासतेय. वाक्यातून कर्ता गायब झाला की समजावं, लिहिणाऱ्याला कुणाला तरी झाकायचंय. डॉक्टरीणबाईंनी ढकललं असतं तर तू त्यांना नावं ठेवत चार पानं लिहिली असतीस. दादाने ढकललं असतं तर आठ. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

आणि "इकडे सगळं ठीक" हे वाक्य तू आजवरच्या एकाही पत्रात लिहिलेलं नव्हतंस. तिकडे सगळं ठीक कधीच नसतं.

ओढण्याबद्दल मी आता तिसऱ्यांदा विचारतेय. तू तो प्रश्न दर वेळी ओलांडून पुढे जातेस. माझ्यामुळे झालं असेल तर तसं लिही. मला ऐकू कमी येतं, पण वाचायला चांगलं येतं.

नणंद


८ जुलै

वन्सं,

मीच ढकललं.

जूनच्या दहा तारखेला नंबर होता. रक्ताचा रिपोर्ट जागेवर आला होता, एक्स-रेत हाडाच्या कडा स्वच्छ दिसत होत्या. बाई म्हणाल्या, "तयार आहे." मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं, कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांना हात कशाला हवाय!"

वन्सं, दीड वर्ष हेच ऐकतेय. विम्याच्या कचेरीतला माणूस म्हणाला, आता ह्यांना दुकान कशाला. तुमच्या चुलत घरचे भेटायला आले, म्हणाले, वाचले हेच पुष्कळ, आता कशाला हवेत नसते उद्योग. तेही सगळं ह्यांच्या देखत. सावकाश बोलणारा माणूस सावकाश ऐकतो असं लोकांना वाटतं. ते सगळं मी गिळलं. पण जिच्या हातात सुरी तीच असं म्हणायला लागल्यावर माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्हाला दोन आहेत ना, मग ह्यांना एक नको?" एक्स-रेचं पाकीट उचललं, ह्यांना उठवलं आणि बाहेर पडले. त्या मागून "अहो, अहो" करत राहिल्या. बाहेर खुर्च्यांवर बसलेले सगळे बघत होते.

गाडीत हे म्हणाले, "बाई... विचारत..." मी म्हटलं, जाऊ द्या हो, असल्या माणसांना काय विचारायचं. नंतर दवाखान्यातून दोनदा फोन आला. मी घेतला नाही. आता बाईंची तारीख मिळायला पुन्हा महिने जातील, आणि मी कुठल्या तोंडाने मागू?

आता तुमच्या प्रश्नाचं. फेब्रुवारीतच मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, ओढल्यामुळे असं हाड उगवत नाही, मेंदूला मार बसल्यामुळे उगवतं, नेमकं का ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. जोर केला की सूज आणि दुखणं वाढतं, म्हणून करू नये. पण बी नणंदबाईंनी पेरलेलं नाही, असं त्यांना कळवा. हे त्यांचे शब्द. मी कळवलं नाही. खरं सांगते, वर्षभर मी मनातल्या मनात तुम्हालाच बोल लावत होते. तो राग सोडवेना. कोणावर तरी रागवावं लागतं, वन्सं, आणि शिडीवर रागावून भागत नाही.

माफ करा असं लिहिणार होते, पण ते एवढ्याशा जागेत मावत नाही.

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना रडले. पाच महिने मी रोज झोपताना माझे स्वतःचे हात बघत होते, आणि उत्तर तुझ्या घरात पडलेलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना तुझा इतका राग आला की पत्र बिस्किटांच्या डब्याखाली ठेवून दिलं. तिसऱ्यांदा मात्र सवयीने लाल पेन हातात घेऊन वाचलं.

तू लिहिलंयस, "ह्यांना हात कशाला हवाय!" आणि पुढे एवढं मोठं उद्गारचिन्ह ठोकलंयस. ते चिन्ह कुणाचं, तुझं की बाईंचं?

हे बघ, मला सूर ऐकू येत नाही. गेली आठ वर्षं मी माणसांचे ओठ वाचते नाही तर कागद वाचते. त्यामुळे मला ते वाक्य नुसतं वाक्य म्हणून दिसतं. मी तुझं उद्गारचिन्ह खोडलं आणि तिथे प्रश्नचिन्ह घातलं. आता तू वाच. ह्यांना हात कशाला हवाय? कशाला म्हणजे कशासाठी, कोणत्या कामासाठी. तुझ्या प्रयोगशाळेत कोणी ॲसिडची बाटली मागायला आलं की तूच विचारतेस ना, कशाला हवीय? तेव्हा तू त्याचा अपमान करत असतेस का?

आणि दादाचं दुकान आठव. लहानपणापासून मी ऐकत आलेय, गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी बाबा आणि नंतर दादा पहिला प्रश्न हाच विचारायचे, "काच कशाला हवीय?" तसबिरीला, खिडकीला की टेबलावर. त्यावर जाडी ठरते. तेव्हा दादाला तिथल्या तिथे कळलं असणार. गाडीत तो "बाई विचारत" एवढं म्हणाला ना? पुढचा शब्द "होत्या" असणार. तू तो येऊ दिला नाहीस.

जा, माफी माग. डॉक्टरांना लोकांच्या रागाची सवय असते.

माझं मत विचारशील तर हात तोंडासाठी हवा. बायकोने घास भरवायचा हे आजारात ठीक आहे, जन्मभर नाही. पण मला विचारूच नकोस. स्वतःलाही विचारू नकोस. दादाला विचार, आणि विचारल्यावर गप्प बस. हे तुला ऑपरेशनपेक्षा अवघड जाईल, कल्पना आहे मला.

तुझ्यावरचा राग आता निम्मा उरलाय. उरलेला प्रत्यक्ष भेटीत काढीन.

नणंद


२ ऑगस्ट

वन्सं,

गेले. माफी मागितली. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "चूक माझी होती. मी त्यांच्याकडे बघून विचारायला हवं होतं." मग खुर्ची ह्यांच्याकडे वळवली आणि पुन्हा अगदी तेच वाक्य. वन्सं, तुमचं प्रश्नचिन्ह कानाला स्पष्ट ऐकू आलं. मला तिथेच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. हात पूर्वीसारखा होईल असं वचन त्या देत नाहीत. मागच्या बाजूचं हाड काढणं सोपं, पण पुढच्या बाजूचं मोठ्या रक्तवाहिनीला लागून आहे, आणि करंगळीकडे जाणारी शीर हाडाच्या आत अडकलीय. तिला धक्का लागला तर बोटांतली ताकद जाऊ शकते. दोन्ही बाजूंना प्रयत्न करणार, पण कुठे थांबायचं हे ऐन वेळी ठरवावं लागतं. म्हणून आधी माहीत हवं, हात वाकायला जास्त हवा की सरळ व्हायला? नंतरची पट्टी आणि व्यायामही त्याच हिशेबाने.

मला तर सरळ हवा होता. टेबलापर्यंत गेला तर काच कापता येईल, दुकानात नुसतं बसून राहावं लागणार नाही. जिभेवर आलं होतं. ओठ चावून बसले. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर पुढचे नंबर खोकत होते. केव्हा तरी हे म्हणाले, "विचार करून... सांगतो." बाई म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी सांगा."

घरी आल्यावर मी एकदाही विचारलं नाही. माझं मलाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांची आंघोळ चालली होती. तुम्हाला आमची न्हाणी माहीत आहे. हे आत, दार वीतभर उघडं, आणि मी बाहेर स्टुलावर. पाठीला, डोक्याला मीच साबण लावते. मग मी बाहेर बसते आणि बोलत राहते. शाळेत कोणी काय फोडलं, बाजारात कोण भेटलं. ह्यांना एकटं वाटू नये म्हणून. बोलता बोलता मी श्वास घ्यायला थांबले असेन, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कडी."

मी म्हटलं, कसली कडी?

"ही. आतून... लावायला. हात."

वन्सं, ती कडी दाराच्या वरच्या टोकाला आहे. डाव्या हातात ती सरकवण्याइतका जोर नाही, आणि उजवा तिथवर जात नाही. दीड वर्षात ह्या माणसाला एकही दार आतून लावता आलेलं नाही. आणि मी समजत होते, मी सोबत करतेय.

वहिनी


९ ऑगस्ट

वहिनी,

एका कडीसाठी माणूस हात कापून घेतो का? सुताराला बोलाव, कडी दोन हात खाली बसवून घे. अर्ध्या तासाचं काम. म्हणजे दार लागेल आणि ऑपरेशनचा हात तोंडासाठी मोकळा राहील. शीर, रक्तवाहिनी, बोटांतली ताकद हे सगळं वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका पत्रकात "दिवसातून तीन वेळा" ऐवजी "तीस वेळा" तसंच जाऊ देणार होते.

मी तुला दादाला विचार म्हणाले, हे खरं. पण असलं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

नणंद


१७ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं डोकं आणि माझं डोकं एकाच सुताराने बनवलंय. मीही ह्यांना हेच म्हणाले, कडी खाली घेऊ. हे म्हणाले, "दारं... खूप आहेत."

मग मी सुताराला निरोप धाडला नाही.

मंगळवारी बाईंना त्यांनी स्वतः सांगितलं, कडीसाठी. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. मला वाटलं बाई हसतील. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, दार किती उंच? मी काही मोजून नेलं नव्हतं. ह्यांनी सेंटिमीटरमध्ये सांगितलं. घरातल्या प्रत्येक दाराचं माप ह्यांना पाठ आहे, हे मला लग्नाला एकवीस वर्षं होऊन माहीत नव्हतं.

तारीख तीन सप्टेंबर. तुम्ही येता का?

वहिनी


२३ ऑगस्ट

वहिनी,

नाही येत. बी मी पेरलं नाही हे डोक्याला पटलंय, पण माझे हात अजून ऐकत नाहीत. त्याचं कोपर समोर दिसलं की ते पुढे होतील. माझी जागा लांबच बरी.

झाल्याबरोबर कळव. फोन करू नकोस, मी अर्धवट ऐकून मरेन. लिही.

नणंद


१२ सप्टेंबर

वन्सं,

झालं. हात हलतो. हे आधी लिहिलं, म्हणजे पाणी प्यायला उठायला नको.

साडेतीन तास म्हणाले होते, पाच लागले. त्या शिरेला हाडाच्या बोगद्यातून सोडवण्यातच सव्वा तास गेला. नंतर बाईंनी काढलेले तुकडे स्टीलच्या भांड्यात दाखवले. आल्याच्या गड्ड्यासारखे वेडेवाकडे, आणि मूठभर! मूठभर हाडाने आमचं घर दीड वर्ष अडवून धरलं होतं. मला वाटलं होतं बघून भीती वाटेल, पण रागच आला.

हाड पुन्हा उगवू नये म्हणून दुसऱ्या दिवशी किरणांचा एक डोस दिला. आत नेलं आणि लगेच बाहेर आणलं, एवढं ते छोटं काम. शिवाय गोळ्या आहेत. त्यांच्या खोक्यातलं पत्रक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तुमची आठवण काढून.

व्यायामाच्या बाई त्याच दिवशी संध्याकाळी हजर झाल्या. पहिला नियम, कोणी ओढायचं नाही. हात ज्याचा आहे त्याने हलवायचा. पहिल्या दिवशी हे इतके घामाघूम झाले की चादर बदलावी लागली. मी पुढे सरकले तर व्यायामाच्या बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले.

आता हिशेब सांगते. हात जवळजवळ सरळ होतो, थोडासाच बाक राहतो. वाकतो मात्र तेवढा नाही. तोंड चार बोटं लांब राहतं. पुढच्या बाजूचं थोडं हाड रक्तवाहिनीला इतकं चिकटलं होतं की बाईंनी ते तसंच ठेवलं. लांब दांड्याचा वाकडा चमचा मिळतो, त्याने जमेल म्हणतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. शीर जागी व्हायला महिने लागतील. कदाचित पूर्ण होणारही नाही. काच कापायचं आत्ता तरी विसरायचं.

म्हणजे तुमचं तोंड नाही आणि माझं टेबलही नाही. आपण दोघी हरलो. पण खरं सांगते, हात पलंगावरून सरळ खाली सोडून हे झोपलेले बघितले आणि मला रडू आलं. वर्षभर तो हात झोपेतसुद्धा हवेत असायचा.

वहिनी


१९ सप्टेंबर

वहिनी,

पत्र वाचलं आणि छापखान्यात सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाचा हात खाली आला. कोणाला काही कळलं नाही. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

चार बोटांचं एवढं काय! घास थोडा पुढे येईल, मान थोडी पुढे जाईल. चमच्याने खाऊ दे. वाकवायला जाऊ नकोस. मीही जाणार नाही.

नणंद


३० ऑक्टोबर, सकाळ

वन्सं,

न्हाणीबाहेर स्टुलावर बसून लिहितेय. मांडीवर वही आहे.

काल आठ आठवड्यांचा एक्स-रे झाला. एका ठिकाणी धुरकट दिसतंय. बाई म्हणाल्या, जखम भरतानाचा डाग असेल, किंवा हाड पुन्हा यायला लागलं असेल. तीन महिन्यांनी कळेल. आलं तर किती येईल आणि हात पुन्हा अडकेल का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. ह्यांच्याकडे बघून सांगितलं सगळं, माझ्याकडे नाही. ह्यांनी मान हलवली. वाटेत म्हणाले, "तीन महिने..." मी वाक्य पुरं करायला गेले नाही.

आज सकाळी पाणी काढून दिलं, साबण हातात घेतला आणि नेहमीसारखी आत शिरायला गेले. तर म्हणाले, "तू... नको."

मी बाहेर आले. दार लोटलं गेलं. मग कडीचा आवाज सुरू झाला. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा अर्धी गेली आणि परत आली. बोटं बधिर आहेत ना, पकड कळत नाही. मी इकडे मुठी आवळून उभी. दुसऱ्या बाजूने दार थोडं उचललं तर कडी सहज जाते, मला माहीत आहे. नाही उचललं. किती वेळा झालं मोजलं नाही. मग खट्‌कन् आवाज आला आणि दार घट्ट बसलं.

कडी लागली, वन्सं.

आनंद झालाच. पण वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. एकवीस वर्षांत ह्यांनी मला कधी बाहेर काढलं नव्हतं. हे दार माझ्या तोंडावर लावण्यासाठी ह्यांनी पाच तास हात कापून घेतला, आणि मीच तारखा मागत फिरत होते. असं मनात येतं आणि मग माझं मलाच हसू येतं.

पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला. मग थांबला. काही तरी पडलं, तांब्या असेल. मी उठले, हात दारापर्यंत नेला आणि मागे घेतला. परत बसले आणि तुम्हाला लिहायला घेतलं, नाही तर हाक मारली असती. पंचवीस मिनिटं झाली. मी साबण लावायचे तेव्हा आंघोळ दहा मिनिटांत आटपायची. शाळेला उशीर होतोय. आत काही आवाज नाही. नुसते बसले असतील. बसू देत. किती दिवसांची कडी आहे कोणाला ठाऊक.

आत्ता आतून विचारलं, "अजून... तिथेच... बसलीयस का?"

मी म्हटलं, "नाही."

वहिनी